दोन ठिपक्यांची रेघ

आगगाडीने बेलापूरला यायचा बेत असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दौंड-मनमाड मार्गावर ‘बेलापूर’ अशी ठळक पाटी असलेले स्टेशन लागेल. पाटी वाचून तुम्ही बिनघोर उतराल, बाहेर याल, आणि पाहाल तर ते श्रीरामपूर! आमचे गाव तेथून पुढे, प्रवरेच्या काठी. तेही एक नव्हे. बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द अशी दोन आहेत. ‘बेलापूर’ नावाची साखर कंपनी १९१९ साली निघाली. तिचा कारखाना उभा राहिला हरेगावला. आणि हल्ली मुंबईला कोणाच्या घरी ‘मी बेलापूरचा’ म्हणून सांगितले, की यजमान उत्साहाने विचारतात, ‘‘म्हणजे नव्या मुंबईतले ना? मग लोकलनेच आलात की!’’ त्यांना कोठवर समजावीत बसायचे?

पाटी एका जागी आणि वस्तू दुसऱ्या जागी, हा प्रकार अशा रीतीने आम्हां बेलापूरकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. मी तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवले, आणि त्यातला पुष्कळसा काळ फळ्यावर सी, एच आणि ओ ही तीन अक्षरे मांडून त्यांच्यामध्ये रेघा ओढण्यात गेला. त्या कामात ही सवय मला फार उपयोगी पडली.

तुमच्या घरात नववी-दहावीतले कोणी असेल तर ह्या रेघा तुम्ही पाहिल्याच असतील. एक अक्षर, एक रेघ, पुन्हा एक अक्षर. कोठे दोन रेघा, कोठे तीन. मध्येच अक्षरांभोवती मुंग्या चढल्यासारखे ठिपके आणि फुल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री आई विचारते, ‘‘हे काय रे काढतोस?’’ चिरंजीव उत्तर देतात, ‘‘मिथेन.’’ आई बिचारी गप्प बसते. तिला वाटते, आपल्या वेळी असले काही नव्हते. तिच्याही वेळी होतेच. पण पाठ करून लिहिलेली गोष्ट परीक्षेच्या मांडवातून बाहेर पडताना तेथेच राहते, घरापर्यंत येत नाही.

आधी शब्दांचे बघू. मराठीत आपण अणू म्हणतो तो एकटा, आणि अणू एकत्र आले की होतो तो रेणू. हिंदीत मात्र एकट्याला परमाणु म्हणतात आणि आपल्या रेणूला अणु! एखाद्या मुलाने हिंदी पुस्तकातून विज्ञान वाचले की त्याच्या डोक्यात जो गोंधळ माजतो तो निस्तरायला मला दर वर्षी एक तास खर्च करावा लागे. पण मला आपला ‘रेणू’ फार आवडतो. रेणू म्हणजे मुळात धुळीचा कण. कवडशात तरंगणारा कण पाहून आपल्याकडच्या वैशेषिकांनी द्व्यणुक आणि त्र्यणुक अशी नावे योजली: दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. ह्यावरून आपल्या पूर्वजांना सगळे रसायनशास्त्र ठाऊक होते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसे ते ठाऊक नव्हते. पण वस्तू ही जोडीजोडीने बांधली जाते, ही कल्पना माणसाच्या मनात फार जुनी आहे एवढे खरे.

ह्या रेघांची हकिकत मोठी मजेची आहे. १८५८ साली आर्चिबाल्ड कूपर नावाच्या एका स्कॉटिश तरुणाने अणूंच्या अक्षरांमध्ये तुटक रेघा ओढल्या. १८६४ मध्ये क्रम ब्राउनने अक्षरांभोवती वर्तुळे काढून ती रेघांनी जोडली. आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला कधी? १८९७ साली! म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे जगातले थोर थोर रसायनशास्त्रज्ञ रेघा ओढत होते, त्या रेघांवरून नवे रंग आणि नवी औषधे तयार करीत होते, आणि त्या रेघेत नेमके काय आहे ते त्यांतल्या एकालाही सांगता आले नसते.

ते सांगितले गिल्बर्ट न्यूटन लुईस ह्या अमेरिकन प्राध्यापकाने. १९०२ साली तो हार्वर्डला विद्यार्थ्यांना शिकवीत होता. मूलद्रव्यांची आवर्तसारणी समजावून देता यावी म्हणून त्याने कागदावर घन काढले आणि घनाच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. कोणताही शिक्षक फळ्यावर करतो तीच खटपट! तो कागद चौदा वर्षे तसाच राहिला. मग १९१६ मध्ये त्याने ‘अणू आणि रेणू’ ह्या अर्थाच्या नावाचा एक निबंध छापला आणि सांगितले, की दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांनी मिळून वापरलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी. रेघेच्या ऐवजी त्याने एकाखाली एक असे दोन ठिपके दिले. एच, दोन ठिपके, एच. झाला हायड्रोजनचा रेणू.

हे दोन ठिपके म्हणजे हुबेहूब आपला विसर्ग. पहिल्यांदा फळ्यावर काढले की वर्गातला एखादा तरी संस्कृतवाला मोठ्याने ‘एचः एच’ म्हणून वाचणारच, आणि दोन मिनिटे तास खोळंबणार. मी ती दोन मिनिटे कधी वाया गेली असे मानले नाही. हसत हसत आलेला ठिपका डोक्यात बरा टिकतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत पुढे एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी आणि दुसऱ्याचे फुल्यांनी दाखवतात. कोणी किती आणले हे मुलांना दिसावे एवढ्यासाठीच ते आहे. खऱ्या इलेक्ट्रॉनवर ठिपक्याची किंवा फुलीची खूण नसते. एकदा जोडीत आला की माहेरचा कोण आणि सासरचा कोण, हे ओळखू येत नाही.

मिठाची तऱ्हा निराळी. तेथे सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकतो आणि मग दोघे विद्युत्भाराच्या ओढीने एकमेकांना धरून राहतात. त्यात भागीदारी नाही, म्हणून रेघही नाही. मुले तेथेही हौसेने रेघ ओढतात. ती पुसायला लावावी लागते.

मुलींना ठिपक्यांचे हे गणित मुलांपेक्षा लवकर साधते, असा माझा अनुभव आहे. कारण उघड आहे. दिवाळीत अंगणात गेरू सारवून ज्यांनी पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढली आहे, त्यांना माहीत असते की एक ठिपका जास्त झाला की तो कोठल्याच रेघेत बसत नाही, आणि एक कमी पडला की सगळे फूल फाटते. येथेही तेच. आधी एकूण इलेक्ट्रॉन मोजायचे, मग ते जोडीने मांडायचे, प्रत्येकाभोवती आठ होतात का पाहायचे (हायड्रोजनला दोनच पुरतात), आणि मगच रेघ ओढायची. मी मुलांना नेहमी आधी ठिपकेच काढायला लावी. मुले कुरकुरत. ‘‘सर, रेघ दिली तरी मार्क मिळतात!’’ मिळतात, ह्यात शंका नाही.

पण रेघेने काय काय झाकले जाते पाहा. पाण्याचा रेणू मुले कसा काढतात? एच, रेघ, ओ, रेघ, एच. अगदी सरळ, ओळंब्याने मांडल्यासारखा. आता ठिपके मोजा. ऑक्सिजनचे सहा आणि दोन हायड्रोजनांचा एकेक, मिळून आठ. म्हणजे चार जोड्या. दोन जोड्या बंधात गेल्या. उरलेल्या दोन? त्या ऑक्सिजनजवळच आहेत, कोणाशी वाटलेल्या नाहीत. त्यांनाही जागा लागते. त्या बंधांना बाजूला रेटतात आणि पाण्याचा रेणू कंबरेत वाकतो. दोन बंधांमधला कोन सुमारे साडेएकशेचार अंश भरतो. हा वाक नसता तर पाण्याच्या रेणूला एक धन आणि एक ऋण अशा दोन बाजू राहिल्या नसत्या, आणि तुमच्या चहात साखर विरघळली नसती. रेघांच्या आकृतीत त्या दोन जोड्या दिसतच नाहीत.

साखरेचे नाव निघाले ते बरे झाले. कारण आमच्याकडे सगळ्या गोष्टी शेवटी साखरेवरच येतात. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी खेळू लागले आणि आमचा मुलूख उसाचा झाला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या खटपटीने १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्या उसात जी साखर असते तिचे सूत्र सी-१२, एच-२२, ओ-११. आता मोजू या. कार्बनचे चार गुणिले बारा म्हणजे अठ्ठेचाळीस, हायड्रोजनचे बावीस, ऑक्सिजनचे सहा गुणिले अकरा म्हणजे सहासष्ट. एकूण १३६ इलेक्ट्रॉन, म्हणजेच ६८ जोड्या. त्यांतल्या ४६ जोड्यांचे बंध होतात आणि २२ जोड्या ऑक्सिजनांजवळ मोकळ्या राहतात. शेचाळीस आणि बावीस अडुसष्ट. हिशेब पैशापर्यंत जुळतो. तो जुळला की मला वहीपूजनाच्या दिवशी व्यापाऱ्याला वाटते तसे समाधान वाटत असे.

ह्या रेणूत दोन कडी असतात. एक षट्‌कोनी, ती ग्लुकोज. दुसरी पंचकोनी, ती फ्रुक्टोज. दोघींना एकाच ऑक्सिजनने जोडलेले असते. त्या पुलावरच आमच्या भागातल्या सगळ्या संसारांचा भार आहे. ऊस तोडून फडात पडून राहिला, की उसातले आणि बाहेरून शिरलेले जीवरसायन हा पूल तोडू लागते. साखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळी होतात. गोडी जात नाही, पण साखरेचा दाणा धरत नाही, आणि कारखान्याचा उतारा घटतो. कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा बागायतदाराचा जीव वरखाली होतो, तो आकृतीतल्या ह्या एका ऑक्सिजनपायी!

आंबटपणा आणि उष्णता मिळाली तरी हा पूल तुटतो. म्हणून गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो. रसाचा आंबटपणा मारला गेला की साखर शाबूत राहते आणि गुळाची ढेप कडक बसते; नाहीतर गूळ चिकट होतो. उलट तुम्ही स्वयंपाकघरात चिरोट्यांचा किंवा गुलाबजामांचा पाक करता तेव्हा त्यात लिंबू पिळता. का? पाकाची साखर होऊ नये म्हणून. म्हणजे तुम्ही मुद्दाम थोडेसे पूल तोडता. आमचा गुळव्या चुना घालून जो बंध राखतो, तोच बंध तुम्ही लिंबू पिळून सोडवता. दोघांपैकी एकानेही लुईसचा निबंध वाचलेला नाही आणि दोघांचेही बिनचूक!

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विचारीच. ‘‘सर, ही रेघ खरीच असते का?’’ मी सांगे, इलेक्ट्रॉन हे काही ठिपके नव्हेत. दोन अणूंच्या मध्ये त्यांचा एक ढगासारखा दाट पट्टा असतो, त्याची ही खूण आहे. स्टेशनवरची पाटी जशी. पाटी म्हणजे गाव नव्हे, पण पाटीच नसेल तर उतरायचे कोठे? पुढे २००९ मध्ये झुरिकच्या शास्त्रज्ञांनी एका अतिसूक्ष्म सुईच्या टोकाने पेंटासीन नावाच्या रेणूचे चित्र मिळवले. त्यात पाच षट्‌कोन एकाला एक लागून स्पष्ट दिसत होते, अगदी फळ्यावर काढावेत तसे. ते चित्र मी वर्गात दाखवले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. फळ्याबद्दल मुलांनी वाजवलेल्या टाळ्या मी तेवढ्याच ऐकल्या.

पण ह्या विषयातले सर्वांत चांगले उत्तर मी दिलेले नाही. ते मला मिळाले. काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातली गोष्ट. दिवाळी होऊन कारखान्यांचे बॉयलर पेटले होते, आणि दर वर्षीप्रमाणे ऊसतोडीच्या टोळ्या येऊन गावाबाहेर कोप्या पडल्या होत्या. त्यांतली काही मुले हंगामापुरती शाळेत येऊन बसत. पाथर्डीकडची एक मुलगी नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागली होती. नाव सांगत नाही. मी फळ्यावर हायड्रोजन काढून विचारले, ‘‘ह्या एका रेघेत इलेक्ट्रॉन किती?’’

वर्गाने एका सुरात सांगितले, ‘‘एक!’’

मागून बारीक आवाज आला, ‘‘दोन.’’

‘‘कशावरून?’’

ती उभी राहिली. थोडा वेळ बोलेचना. मग म्हणाली, ‘‘सर, रेघ म्हंजी कोयता हाये. वहीत कोयता एक लिहितेत, पण माणसं दोन असतेत.’’

बागायतदारांची मुले हसली. शहरातल्या वाचकांना ह्यात हसण्यासारखे काय, हे कळणार नाही, म्हणून सांगतो. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो. बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहून गाडीत भरते. पहाटेची भाकरी, पाणी, पोरांचे पाहणे हे तिचे वेगळेच. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. वहीत नाव नवऱ्याचे असते. बाई त्या एका शब्दात असते. पण ती आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसते.

मी फळ्यावरची रेघ पुसली आणि तेथे एक ठिपका आणि एक फुली काढली. तासभर दुसरे काही शिकवले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तास सुटल्यावर विचारले, ‘‘सर, ह्यांच्यात अर्धा कोयता असतो का?’’ एकटा मजूर तोडीला आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. मी म्हटले, असतो तर! नायट्रिक ऑक्साइड घे. नायट्रोजनचे पाच, ऑक्सिजनचे सहा, मिळून अकरा. विषम संख्या, कसेही मांडले तरी एक एकटा उरणारच. असे एकटे इलेक्ट्रॉन ज्या रेणूंत असतात ते बहुधा स्वस्थ बसत नाहीत. कोणाशी तरी जोडी जमवायला धावतात. मोठ्या वर्गांत इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवायला वाकडे बाण काढतात. रॉबर्ट रॉबिन्सन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ते १९२२ मध्ये प्रचारात आणले. त्याच्याच हाताखाली मँचेस्टरला शिकलेले के. वेंकटरामन पुढे मुंबईला प्राध्यापक होते आणि १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. जोडी हलली तर बाणाला दोन्ही बाजूंचे टोक काढायचे. एकटा इलेक्ट्रॉन हलला तर अर्धेच टोक. मी तो अर्ध्या टोकाचा बाण तिला काढून दाखवला. ती म्हणाली, ‘‘ह्यो तर कोयत्यासारखाच दिसतोय.’’ खरोखरच दिसतो.

मग मी तिला प्राणवायू दाखवला. दोन ऑक्सिजन, बारा इलेक्ट्रॉन, सहा जोड्या. मध्ये दुहेरी बंध, दोन्हीकडे दोन दोन जोड्या. प्रत्येकाचे आठ पुरे, हिशेब चोख, एकही एकटा नाही. परीक्षेत हेच काढायचे. पण १८९१ साली जेम्स ड्यूअरने लंडनला द्रवरूप प्राणवायू लोहचुंबकाजवळ नेला, तेव्हा तो चुंबकाकडे ओढला जाऊन त्याला चिकटला. सगळेच्या सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असते तर असे घडले नसते. ह्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे आहेत. आपण श्वासागणिक जो आत घेतो त्यात! हे कसे, ते १९२९ मध्ये लेनर्ड-जोन्सने वेगळ्या रीतीने मांडून दाखवले. ठिपक्यांच्या आकृतीला ते काही केल्या दाखवता येत नाही.

‘‘म्हंजी वहीत समदे जोडीनं,’’ ती म्हणाली, ‘‘आन् फडात दोघं एकेकटे.’’

त्या आठवड्यात मी वर्गाला एक गृहपाठ दिला होता. साखरेच्या रेणूची रेघांची आकृती फळ्यावर काढून दिली आणि म्हटले, ज्याला हौस असेल त्याने हीच ठिपक्या-फुल्यांनी काढून आणावी. अभ्यासक्रमात ती नाही. कोणी आणली नाही. आणतील अशी अपेक्षाही नव्हती. मार्चमध्ये हंगाम आटोपला, टोळ्या गेल्या आणि ती गेली.

पुढच्या वर्षी टोळी आली तेव्हा शाळेत तिचा धाकटा भाऊ आला, ती आली नाही. संध्याकाळी मी कोप्यांवर गेलो. तिच्या वडिलांनी घोंगडी अंथरली, चहा टाकायला सांगितला. माणूस अदबीचा. मी विषय काढताच मान खाली घालून म्हणाले, ‘‘सर, यंदा दीड कोयत्याची उचल घेतलीय.’’

त्या दीडातला अर्धा कोण, हे विचारण्याची गरज नव्हती. ती चुलीपाशी भाकरी थापीत होती. हाताला उसाच्या पानांनी चिरलेल्याच्या बारीक रेषा होत्या. घेतलेली उचल परत करा असे सांगायला माझ्याजवळ तोंड नव्हते आणि तेवढे पैसेही नव्हते. मी सतरा नंबरच्या अर्जाचे सांगितले. शाळेत न येता बाहेरून दहावीला बसता येते. अर्ज मी भरीन, विलंब शुल्काचे पाहीन, तुम्ही फक्त सही करा आणि दाखला द्या. ते बराच वेळ गप्प बसले. मग तिच्या आईकडे पाहिले. आई इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. ती उठली, कोपीतल्या पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला काढून आणला आणि माझ्या हातात दिला. ‘‘करा सई,’’ ती नवऱ्याला म्हणाली.

दोन दिवसांनी शाळेत तिच्या भावाने दप्तरातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. ‘‘ताईनं दिलीय. म्हनली, मागल्या वर्सीचा अभ्यास हाये.’’

दोन पाने जोडून तिने साखर काढली होती. एकही रेघ नव्हती. षट्‌कोनी कडे, पंचकोनी कडे, बाहेरचे सगळे हायड्रोजन, आणि सर्वांच्या मध्ये नुसते ठिपके आणि फुल्या. ठिपके निळ्या शाईत, फुल्या पेन्सिलीने. काही ठिकाणी शाई पाण्याचा थेंब पडून फाकली होती. मी लाल पेन घेतले आणि मोजायला बसलो. पहिल्या खेपेस १३५ भरले. पुन्हा मोजले, पानाच्या घडीत एक ठिपका दडला होता. १३६. दोन्ही कड्यांना जोडणाऱ्या ऑक्सिजनच्या डाव्या बाजूला एक ठिपका, एक फुली. उजव्या बाजूला एक ठिपका, एक फुली. खाली सही केली, तारीख घातली आणि वही पोराच्या दप्तरात ठेवली.